लोड तेवढाच, पण ट्रान्सफॉर्मर बदलला तर?
‘लोड वाढलेला नाही, तर मेन ब्रेकर (करंट प्रमाणाबाहेर गेला की वीज तोडणारा मुख्य स्विच) बदलायची गरज नाही’ असं कुणी म्हटलं, तर ते मला पटत नाही. ब्रेकरचे अँपिअर लोडसाठी असतात. किती केएचा (किलोअँपिअर, म्हणजे हजार अँपिअर) शॉर्ट सर्किट तो न फुटता तोडेल हा आकडा वेगळा, आणि तिथे प्रश्न ट्रान्सफॉर्मरचा येतो. आमच्या सोसायटीत ३१५ केव्हीए (ट्रान्सफॉर्मरची क्षमता) चा ट्रान्सफॉर्मर काढून ६३० चा बसवला. ४३३ व्होल्टला ३१५ चा फुल लोड करंट ४२० अँपिअर. नावपट्टीवर इम्पीडन्स (ट्रान्सफॉर्मरचा स्वतःचा अडथळा) ४.५ टक्के, म्हणजे शॉर्ट सर्किट झालं तर जास्तीत जास्त ४२० भागिले ०.०४५, साधारण ९.३ केए. तेवढाच इम्पीडन्स धरून नव्याचा हिशेब गेला १८.७ वर. आमचा मेन ब्रेकर, म्हणजे एमसीसीबी (मोठ्या करंटचा ब्रेकर), होता १० केएचा! लोड तसूभरही वाढला नव्हता. मी हट्टाने तो २५ केएचा करून घेतला.

मीटररूममधले १० केएचे एमसीबी (छोटे ब्रेकर) मात्र तसेच ठेवले, कारण मधे २५ चौरस मिमी तांब्याची ३० मीटर केबल आहे आणि तिच्या रेझिस्टन्समुळे तिथला फॉल्ट करंट (शॉर्ट सर्किटचा करंट) १० केएच्या खाली येतो. पॅनल ट्रान्सफॉर्मरला खेटून असेल तर ही सूट धरू नका.