पेपरच्या आधीचा पेपर: अपंगत्व, घर आणि परीक्षा (अनुभव धागा)

आधी माझ्याबद्दल सांगते, म्हणजे तुम्हाला लिहायला संकोच वाटणार नाही. मला रेटिनायटिस पिगमेंटोसा आहे. नजर कडेकडेने कमी होत गेली. आता नळीतून पाहिल्यासारखं समोरचं तेवढं दिसतं आणि अंधार पडला की तेही नाही. पदवीची शेवटची परीक्षा मी एकेचाळिसाव्या वर्षी दिली. त्या काळात आई अंथरुणाला खिळलेली होती आणि मुलगी शाळेत होती. पास झाले तेव्हा सगळे म्हणाले, केवढी जिद्द! मला मात्र त्या वर्षांत जिद्दीपेक्षा माहिती हवी होती आणि ती कुणी एका जागी सांगितली नाही. लेखनिक कधी मागायचा, अर्जात काय लिहायचं, आईचं सगळं करून रात्री बसलं तर डोक्यात काही शिरतं का, साध्यासाध्या गोष्टी.

म्हणून हा धागा. तुम्ही काय केलंत ते तपशिलाने लिहा. किती वाजता बसायचात, घरात कोण सांभाळून घ्यायचं, काय फसलं. निकाल नाही सांगितलात तरी चालेल. नापास झाला असाल तर जरूर लिहा.

सुरुवात मीच करते.

लेखनिक मिळाला की प्रश्न मिटला असं मला वाटायचं. पहिल्याच पेपरला कळलं की सांगून लिहून घेणं ही वेगळी विद्या आहे. डोळस माणूस लिहितालिहिता वर नजर टाकतो, मागच्या वाक्यात काय म्हटलंय ते बघतो. मला ते डोक्यात धरून ठेवावं लागतं. तिसरा मुद्दा सांगताना पहिला निसटायचा. मग मी बोटं वापरायला लागले. उत्तराचे पाच मुद्दे, पाच बोटं. मुद्दा सांगून झाला की बोट मिटायचं, मूठ वळली की उत्तर पूर्ण. टेबलाखाली डावा हात सतत उघडझाप करत असायचा.

सांख्यिकीच्या पेपरला मी म्हटलं, ‘एक्स अधिक दोनचा वर्ग’. मला पूर्ण बेरजेचा वर्ग हवा होता. लेखनिक मुलीने फक्त दोनचा वर्ग लिहिला. तिची चूक नाही, मी बोलले ते तिने लिहिलं. पण पुढचं सगळं उदाहरण कोसळलं. घरी येऊन माझ्या लेकीला समोर बसवलं आणि बोलायची पद्धत ठरवली: ‘कंस उघड, एक्स अधिक दोन, कंस मिट, सगळ्याचा वर्ग.’ रोज पाच उदाहरणं तिला सांगायची, तिने लिहायची आणि काय लिहिलंय ते परत वाचून दाखवायचं.

नंतर वाचनात आलं की अंध गणितज्ञ अब्राहम नेमेथ यांनाही हाच प्रश्न पडला होता. गणितासाठीची त्यांची ब्रेल पद्धत अनेकांना माहीत असते. पण आपल्यासाठी वाचणाऱ्या माणसाने गणित मोठ्याने कसं वाचावं, अपूर्णांक कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, याचेही नेमके नियम त्यांनी बांधले. आणि हेलन केलर! १८९९ च्या प्रवेश परीक्षेत बीजगणिताचा पेपर त्यांना ब्रेलमध्ये दिला होता, पण त्यातली गणिती चिन्हं त्यांच्या सवयीच्या पद्धतीतली नव्हती. हे वाचलं त्या दिवशी मला फार बरं वाटलं. येत असूनही लिहिता न येणं म्हणजे काय, हे त्यांनाही ठाऊक होतं.

आता तुम्ही लिहा.

*

संधिवात (ऱ्हुमॅटॉइड), दोन मुलं

ताई, तुमची मूठ वळते तरी. माझी सकाळी वळतच नाही.

या आजारात सकाळचा आखडलेपणा तासाभराहून जास्त टिकतो. पेपर दहाचा. म्हणजे मला पाचला उठावं लागतं, कोमट पाण्यात हात बुडवून बसावं लागतं, तेव्हा कुठे नऊपर्यंत बोटं उघडतात. मुलांचे डबे आणि दप्तरं त्याच वेळात. परीक्षेच्या आठवड्यात ते काम नवऱ्याने आणि सासूबाईंनी वाटून घेतलं, पण त्यासाठी मला तोंड उघडून सांगावं लागलं. आधीच्या वर्षी मी ‘त्यांना कळेलच’ म्हणून गप्प राहिले होते. कसं कळणार? हात दिसायला चांगलेच दिसतात.

मला जादा वेळ मिळाला. तीन तासांचा पेपर चार तासांचा झाला. ऐकणाऱ्याला वाटतं, भाग्यवान आहे. पण दुखऱ्या सांध्यांनी चौथा तास लिहायचा म्हणजे काय ते मला विचारा. तिसऱ्या तासानंतरचं माझं अक्षर मलाच लागेना. मला तास नको होता, थांबे हवे होते. दर चाळीस मिनिटांनी पाच मिनिटं पेन खाली ठेवायचं, उठून उभं राहायचं आणि तेवढी मिनिटं घड्याळात धरायची नाहीत. पुढच्या परीक्षेला डॉक्टरांकडून चिठ्ठीत तसंच स्पष्ट लिहून घेतलं: ‘विश्रांतीचे थांबे आवश्यक’. नुसतं ‘संधिवात आहे’ लिहिलं तर समोरचा माणूस आपल्या मनाने सोय ठरवतो.

पेनाला स्पंज गुंडाळून जाड केलं, त्याचा फार उपयोग झाला. वाचून नोट्स काढणं मी बंद केलं. धडा मोठ्याने वाचून फोनवर रेकॉर्ड करायचा आणि कपडे वाळत घालताना ऐकायचा. स्वतःचाच आवाज सुरुवातीला नकोसा वाटतो, मग सवय होते.

*

जन्मतः कर्णबधिर

माझं थोडक्यात आहे. पेपर सुरू झाल्यावर अर्ध्या तासाने पर्यवेक्षकांनी वर्गात सांगितलं की प्रश्न चारमध्ये छापण्याची चूक आहे, आकडा बदला. तोंडी सांगितलं. मी मान खाली घालून लिहीत होतो. पूर्ण उदाहरण चुकीच्या आकड्यावर सोडवलं, अठरा मिनिटं गेली. बाहेर आल्यावर मित्राने सांगितलं.

तेव्हापासून अर्जात एक ओळ कायम लिहितो: ‘वर्गात दिलेली प्रत्येक सूचना मला लेखी मिळावी.’ आणि आत गेल्यावर पर्यवेक्षकांना तीच ओळ लिहिलेला कागद दाखवतो. एकानेही अजून नाही म्हटलेलं नाही. फक्त कुणाच्या लक्षात येत नाही.

आणखी एक. माझी पहिली भाषा खुणांची. तुमची लिहायची भाषा माझी दुसरी आहे. ‘खालीलपैकी कोणते विधान असत्य नाही’ असा प्रश्न आला की मला विषय येत असूनही अडखळायला होतं. जुने पेपर घेऊन फक्त प्रश्न वाचायचा सराव करा, उत्तरं नंतर.

*

अपस्मार, आठ महिन्यांचं बाळ

फिट येणाऱ्या माणसाने जागरण करायचं नसतं. झोप कमी झाली की झटका येण्याची शक्यता वाढते, हे डॉक्टर पहिल्याच भेटीत सांगतात. इकडे बाळ रात्री तीनदा उठतं. म्हणजे अभ्यासाआधी मला झोपच मिळवायची होती.

आम्ही रात्र वाटून घेतली. दहा ते तीन यजमानांकडे, तीननंतर माझ्याकडे. त्या पाच तासांत बाळ कितीही रडलं तरी मी उठायचं नाही असं ठरलं. उशीत तोंड खुपसून मीही रडलेय त्या दिवसांत. पण त्या झोपेवर दिवसा दीड तास अभ्यास नीट व्हायचा. मैत्रिणी रात्रभर जागून एकमेकींना फोन करायच्या. मी दहाला फोन बंद करायचे आणि अपराधी वाटायचं. आता वाटत नाही.

परीक्षेआधी केंद्रावर एक कागद दिला. मुद्दाम इथे देते, कुणाला उपयोग होईल: झटका आला तर मला धरून ठेवू नका. तोंडात काहीही घालू नका. टोकदार वस्तू बाजूला करा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, आखडणं थांबलं की कुशीवर वळवा. घड्याळ बघा, पाच मिनिटांपेक्षा जास्त चाललं तर रुग्णवाहिका बोलवा. झटका आला नाही. पण तो कागद बाईंच्या टेबलावर आहे हे माहीत असल्यामुळे मी शांतपणे लिहू शकले.

*

मी स्वतः अपंग नाही, माझा मुलगा आहे. लिहू का?

(लिहा ताई. तुमच्याशिवाय हा धागा अपुरा आहे. मीच वर तसं स्पष्ट म्हणायला हवं होतं.)

माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर नीट ताबा राहत नाही). आठवड्यातून चार दिवस फिजिओथेरपी. तो आत, मी बाहेर बाकावर, पाऊण तास. माझा अभ्यास त्या बाकावर झाला. पुस्तक नेलं की उघडून जागा सापडेपर्यंत दहा मिनिटं जायची, म्हणून कार्डं केली. पुढे प्रश्न, मागे उत्तर. आलं ते मागच्या खिशात, नाही आलं ते पुढच्या. मागच्या खिशातली चार दिवसांनी परत काढायची, मग आठवड्याने. एबिंगहाउस नावाच्या जर्मन संशोधकाने १८८५ मध्येच दाखवलं होतं की पाठ केलेलं सुरुवातीला झपाट्याने विसरतं आणि अंतराअंतराने केलेली उजळणी जास्त टिकते. मला अंतराअंतरानेच वेळ मिळायचा. पहिल्यांदा माझ्या आयुष्याचं वेळापत्रक एखाद्या गोष्टीला सोयीचं निघालं.

आता न जमलेलं. दुसऱ्या पेपरच्या सकाळी मुलाला सांभाळणाऱ्या मावशींना ताप आला. मी दुसरं नाव तयार ठेवलं होतं, नणंदेचं. ती निघाली, वाटेत अडकली. तिसरं नाव नव्हतं. मी पूर्ण आवरून, हॉल तिकीट पर्समध्ये घालून, दाराशी उभी होते. मुलगा माझ्याकडे बघून हसत होता. पेपर गेला. सहा महिन्यांनी पुन्हा दिला, तेव्हा तीन नावं होती आणि तिघींना आदल्या रात्री फोन केला होता.

*

व्हीलचेअर, मणक्याला इजा

परीक्षा केंद्र आधी जाऊन बघा. फोनवर ‘रॅम्प आहे’ सांगतात. रॅम्प असतो, पण तो संपल्यावर एक पायरी असते. माझी खुर्ची ६४ सेंटीमीटर रुंद आहे. स्वच्छतागृहाचं दार मोजलं तर ६०. वर्ग दुसऱ्या मजल्यावर.

पहिल्या वर्षी मी यावर काढलेला उपाय सांगतो, तो कुणीही करू नये. आदल्या संध्याकाळपासून पाणीच प्यायलो नाही. पेपर झाला आणि तिसऱ्या दिवशी मूत्रमार्गाच्या संसर्गाने तापाने फणफणलो. उरलेले दोन पेपर बुडाले. माझ्यासारख्याला हा संसर्ग जिवावर बेतू शकतो, आणि मी ते एका दारासाठी केलं.

दुसऱ्या वर्षी मापं, फोटो आणि पत्र घेऊन दोन महिने आधी गेलो. तळमजल्यावर वर्ग आणि शिक्षकांचं स्वच्छतागृह मिळालं. पत्रात संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग हक्क कराराचा उल्लेख केला होता. त्यात ‘वाजवी सोयी’ नाकारणं हा भेदभाव आहे असं थेट म्हटलंय. पत्राची पोच घ्यायला विसरू नका. तोंडी ‘हो हो, करू’ म्हणणारा माणूस परीक्षेच्या दिवशी रजेवर असतो.

*

डिस्लेक्सिया (बुद्धी चांगली असूनही वाचता-लिहिताना अडखळणं), निदान वयाच्या चौतिसाव्या वर्षी

लेकीची तपासणी चालू होती. तिथल्या बाई तिला जे जे विचारत होत्या ते ते माझ्याही बाबतीत खरं होतं. घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, मी ढ नव्हते रे. मग दोघी एकाच टेबलावर अभ्यासाला बसायला लागलो. ती तिचं, मी माझं, दोघींच्या कानात वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर. लोक पंचवीस मिनिटं बसून पाच मिनिटं सुट्टी घ्या म्हणतात. आमचं बारा मिनिटांवर जमतं.

*

पूर्ण अंध, तीनदा नापास

सल्ला काही नाही. एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर (संगणकाच्या पडद्यावरचं मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) २००६ मध्ये मायकल करन या स्वतः अंध असलेल्या तरुणाने लिहायला घेतला, त्याच्यामुळे मी शिकतोय. पण आमच्या अभ्यासक्रमातली सूत्रं चित्र म्हणून चिकटवलेली आहेत आणि स्क्रीन रीडर तिथे आला की फक्त ‘चित्र’ म्हणतो. पानभर ‘चित्र, चित्र, चित्र’. वडील रात्री कामावरून आल्यावर ती सूत्रं वाचून दाखवतात. त्यांचं शिक्षण कमी, चिन्हांची नावं त्यांना येत नाहीत. ‘उलटा तीन’, ‘शेपटीवाला एस’ असं ते सांगतात आणि मी ओळखतो. चौथ्यांदा बसतोय.

*

पेपरला नऊ दिवस उरलेत, आज हे सगळं वाचलं. अल्पदृष्टी आहे, लेखनिकासाठी अर्जच केलेला नाही. उशीर झाला का?

उशीर झालाय, पण दार बंद झालंय असं समजू नका. उद्या सकाळी स्वतः जा, कुणाला तरी बरोबर न्या. प्रमाणपत्राच्या दोन प्रती, एका पानाचं पत्र, त्यात नक्की काय हवं ते: लेखनिक, मोठ्या अक्षरातली प्रश्नपत्रिका, खिडकीजवळची जागा. पोच घ्या. नाहीच म्हणाले तर लेखी नकार मागा. तो मागितल्यावर बऱ्याचदा मार्ग निघतो. लेखनिक मिळाला तर पेपरआधी त्याच्याबरोबर एक तरी पूर्ण पेपर सोडवा, घड्याळ लावून. विषय कोणता ते तुम्ही लिहिलं नाहीत. गणित असेल तर कंसाचं आजच ठरवून घ्या.