एक्स-१५ अवकाशापर्यंत पोचत होतं, मग त्यालाच कक्षेत का नाही नेलं?

धूमकेतू_वेडा
अमेरिकेच्या सुरुवातीच्या अवकाश मोहिमांबद्दल वाचतोय सध्या, आणि एका ठिकाणी अडकलोय. ऑगस्ट १९६३ मध्ये जो वॉकर एक्स-१५ हे रॉकेट इंजिनाचं विमान घेऊन जवळपास १०८ किमी उंच गेला आणि कॅलिफोर्नियात एडवर्ड्स या हवाई दलाच्या ठाण्याच्या कोरड्या तळ्यावर व्यवस्थित उतरला. त्याच सुमाराला मर्क्युरी या अमेरिकेच्या पहिल्या मानवी अवकाश मोहिमेतले अंतराळवीर मात्र कॅप्सूलमध्ये बसून पॅराशूटने समुद्रात पडत होते आणि त्यांना उचलायला नौदलाचा ताफा लागायचा. मग जे विमान वर जातंय, पायलट स्वतः चालवतोय, पुन्हा पुन्हा वापरता येतंय, त्यालाच मोठं इंजिन लावून पृथ्वीभोवती का नाही फिरवलं? रशियाशी शर्यत लागली म्हणून घाईत चांगला रस्ता सोडला असं बरेच जण लिहितात, त्यात कितपत तथ्य आहे?

शून्य_गुरुत्व
उंची विसरा, वेग बघा. कक्षेत राहायला सेकंदाला साधारण ७.८ किमी वेग लागतो. एक्स-१५ चा सगळ्यात जास्त वेग ऑक्टोबर १९६७ मध्ये पीट नाइटने गाठला, तासाला सुमारे ७२७० किमी, म्हणजे सेकंदाला जेमतेम २ किमी. आता वेग चौपट कमी म्हणजे काम चौपट कमी असं नाही ना होत, ऊर्जा वेगाच्या वर्गात वाढते, त्यामुळे फरक पडतो जवळपास १५ पट! वॉकर १०८ किमीवर गेला म्हणजे वर जाऊन खाली आला, तिथे थांबायला लागणारा आडवा वेग त्याच्याकडे नव्हताच.

आणि मोठं इंजिन लावून हे सुटत नाही. बी-५२ या बॉम्बर विमानाच्या पंखाखालून सुटताना एक्स-१५ चं वजन १५ टनांच्या आसपास असायचं, त्यातलं निम्म्याहून जास्त अमोनिया आणि द्रव ऑक्सिजनच, आणि ते सगळं दीड मिनिटाच्या आत जळून संपायचं. नॉर्थ अमेरिकन कंपनीने मोठ्या बूस्टरवर बसवून कक्षेत नेण्याचा प्रस्ताव स्पुटनिकनंतर दिला होता खरा. पण नुसतं रिकामं एक्स-१५ च सहा टनांच्या वर होतं आणि मर्क्युरीतून जॉन ग्लेनला कक्षेत ज्याने नेलं त्या अॅटलस रॉकेटला कक्षेत १३५० किलोची मर्क्युरी झेपत होती. हिशोब तिथेच संपतो.

तापमान_आणि_दाब
वरचं सगळं बरोबर, पण समजा रॉकेट मिळालं असतं तरी खरी अडचण परत येताना होती. १९६७ च्या त्याच विक्रमी उड्डाणाचं पुढे काय झालं ते वाचा. विमानावर उष्णतेपासून वाचवायला खास लेप दिला होता आणि शेपटीखाली रॅमजेट इंजिनाचा एक डमी लावला होता. ध्वनीच्या ६.७ पट वेगात त्या डमीपासून निघालेल्या शॉक वेव्ह (हवेचे तीव्र धक्के) वरच्या पायलनवर, म्हणजे डमी ज्याला अडकवला होता त्या आधारावर, आदळल्या, तिथे भोकं पडली आणि डमी गळून पडला. ते विमान परत कधी उडालंच नाही. आणि एक्स-१५ ज्याचं बनलं होतं तो इनकोनेल एक्स म्हणजे त्या काळातला उष्णता सोसणारा उत्तम मिश्रधातू होता बरं का! कक्षेतून परत येताना सुरुवातच ध्वनीच्या २५ पट वेगाने होते.

कॅप्सूलचा आकार बोथट का, याचं उत्तर इथेच आहे. हार्वी अॅलनने १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला एम्स प्रयोगशाळेत दाखवलं की टोकदार वस्तूपेक्षा बोथट वस्तू जास्त सुरक्षित, कारण शॉक वेव्ह समोर लांब उभी राहते आणि बरीचशी उष्णता हवेतच निघून जाते. हे संशोधन क्षेपणास्त्रांसाठी होतं पण मॅक्स फॅजेटच्या लोकांनी त्यावरच मर्क्युरी बेतली. त्यामुळे घाईघाईत डबा बनवला हे मला अजिबात पटत नाही, तेव्हाच्या माहितीवर तोच सगळ्यात शहाणा आकार होता.

मिशन_कंट्रोल
घाई नव्हती असं नका म्हणू हो. पंखवाला रस्ता तांत्रिक कारणाने मागे पडला हे मान्य, पण हवाई दलाचं डायना-सोअर हे पंखवालं अवकाशयान बोइंगकडे तयार होत होतं, टायटन रॉकेटवर बसून जाणार होतं, आणि संरक्षणमंत्री मॅक्नमारांनी डिसेंबर १९६३ मध्ये ते एकदाही न उडता बंद केलं. त्यात पैसा आणि धोरण दोन्ही होतं. ते उडालं असतं तर पंखांबद्दलचा अनुभव दहा-पंधरा वर्षं आधी मिळाला असता असं माझं ठाम मत आहे.

पण एक्स-१५ चा रस्ता सोडला हेही खरं नाही. इंजिन बंद पडल्यावर इतक्या वेगातून घसरत येऊन ठरलेल्या जागी उतरता येतं हे त्याच्या १९९ उड्डाणांनी आणि नंतर एम२-एफ१, एचएल-१० वगैरे लिफ्टिंग बॉडींनी (पंखांऐवजी धडाच्या आकारावर तरंगणाऱ्या विमानांनी) दाखवलं, म्हणून तर स्पेस शटलला उतरण्यासाठी जेट इंजिनं न लावण्याचा निर्णय घेता आला. जो एंगलचं नाव बघा, १९६५ मध्ये एक्स-१५ मधून ८० किमीच्या वर आणि १९८१ मध्ये शटलच्या दुसऱ्या उड्डाणाचा कमांडर.

धूमकेतू_वेडा
वेगाचं गणित एकदम पटलं. अजून एक, हवा नाही तिथे विमान वळवायचे कसे? आणि मायकेल अॅडम्सचा अपघात याच्याशीच संबंधित होता का?

तापमान_आणि_दाब
नाकात आणि पंखांच्या टोकांना हायड्रोजन पेरॉक्साइडचे छोटे थ्रस्टर होते. पण त्यांनी फक्त विमानाचं तोंड फिरतं, मार्ग बदलत नाही, त्याला हवा लागते. एप्रिल १९६२ मध्ये नील आर्मस्ट्राँग परत येताना नाक वर राहिल्यामुळे पुन्हा विरळ हवेत उसळला, वळायला विमान कलवलं तरी ते सरळच जात राहिलं, लॉस एंजेलिसजवळच्या पॅसाडेनाच्या बाजूला जाऊन मग कुठे वळण मिळालं आणि तळ्याच्या दक्षिण टोकाला कसाबसा पोचला.

अॅडम्सचं फार वाईट झालं. १५ नोव्हेंबर १९६७. चढतानाच एका प्रयोगाच्या उपकरणामुळे विजेचा गोंधळ झाला आणि नियंत्रणात अडथळे यायला लागले. ८१ किमीच्या आसपास विमानाचं तोंड मार्गापासून बाजूला वळत गेलं, समोरच्या एका काट्यावर त्या वेळी कलण्याची माहिती दिसत होती, ती त्याने बहुतेक दिशेची समजून उलट दुरुस्ती केली, आणि ध्वनीच्या ५ पट वेगात विमान गरगर फिरायला लागलं. जमिनीवरच्यांना विमानाचं तोंड कुठे आहे ते दिसतच नव्हतं. एवढ्यातूनही तो स्पिनमधून बाहेर आला! पण मग आपोआप जुळवून घेणारी नियंत्रण यंत्रणाच हेलकावे खात राहिली, आणि खालच्या दाट हवेत विमान तुटलं. चौकशीनंतर कंट्रोल रूममध्ये दिशा दाखवणारा काटा बसवायला सांगितला गेला.

मिशन_कंट्रोल
अॅडम्सला मरणोत्तर अंतराळवीराचे विंग्ज (मानाचा बिल्ला) मिळाले, कारण तो हवाई दलाचा होता आणि त्यांची अवकाशाची हद्द ५० मैलांची, म्हणजे सुमारे ८० किमीची. वॉकर मात्र नासाचा नागरी पायलट, दोनदा १०० किमीच्या वर जाऊनही त्याला ते २००५ मध्ये मिळाले. तो १९६६ मध्येच एक्सबी-७० या प्रायोगिक बॉम्बर विमानाशी झालेल्या हवेतल्या टकरीत गेला होता. हे फार उशिरा झालं.