मदत हवी आहे : दाणे ठेवले की फक्त कबुतरेच येतात, लहान पक्ष्यांसाठी काय करावे?

नमस्कार. आमचे घर मुलुंड पश्चिमेला, राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगराकडील बाजूस तळमजल्यावर आहे आणि मागे लहानशी बाग आहे. सासूबाईंना गुडघ्यांमुळे बाहेर पडता येत नाही. त्यांची खाट खिडकीशी असल्यामुळे त्यांना पडल्या पडल्या पक्षी दिसावेत, म्हणून दिवाळीनंतर मी बागेत एक फीडर टांगला आणि त्यात बाजरी व तांदळाची कणी घालू लागले.

पहिल्या आठवड्यात चार-पाच चिमण्या आल्या. त्यानंतर कबुतरांना जागा कळली आणि चिमण्या येणेच थांबले. जुलै २०२५ मध्ये शहरातील कबुतरखाने बंद करण्याचे आदेश निघाल्यापासून सोसायटीत या विषयावर सगळेच सावध आहेत, आणि वरच्या मजल्यावरील शेजाऱ्यांची तक्रार मला रास्तच वाटते. कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ फुप्फुसांना अपायकारक असते आणि आमच्याही घरात वृद्ध माणूस आहे. त्यामुळे मी फीडर काढून ठेवला आहे.

आता माझा पहिला प्रश्न जाळीविषयी आहे. चिमण्यांच्या घरट्याच्या पेटीला ३२ मिलिमीटरचे भोक पुरते, म्हणजे फीडरभोवती चार सेंटिमीटर चौकोनांची जाळी लावल्यास चिमणी आणि मुनिया आत जाऊ शकतील व कबुतर बाहेर राहील, असा माझा अंदाज आहे. परंतु खाली सांडलेल्या दाण्यांवर कबुतरे जमणारच. त्यावर कोणी काही उपाय केला आहे का?

दुसरे असे की, दाण्यांवरचा माझा भरच चुकला असावा, असे आता वाटू लागले आहे. ज्या पक्ष्यांची सासूबाई खरोखर वाट पाहतात, त्यांतला दयाळ किडे खातो, बुलबुल फळे आणि किडे खातो, शिंजीर मधासाठी फुलांवर येतो, आणि चिमणीसुद्धा पिलांना मुख्यतः किडे-अळ्याच भरवते. गेल्या पावसाळ्यात कडीपत्त्याला काळी फळे धरली, तेव्हा काहीही न ठेवता बुलबुलांची जोडी रोज येत होती. याच कारणाने जास्वंदीवर पिठ्या ढेकूण पडूनही मी औषध फवारणे बंद केले आहे आणि तो पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन काढते. बागेत अजून दोन झाडे मावतील, तेव्हा शिंजिरासाठी हमेलिया आणि फळांसाठी सिंगापूर चेरी लावण्याचा विचार आहे. चेरी झपाट्याने वाढते, हे मला ठाऊक आहे. छाटणी करून ती आठ-दहा फुटांवर राखता येते का, आणि छाटल्यावर फळे धरतात का, हे अनुभवी लोकांनी सांगावे.

पाण्यासाठी मातीचे पसरट भांडे ठेवले असून डासांच्या अळ्या होऊ नयेत म्हणून रोज घासून पाणी बदलते. आवारात दोन मांजरे फिरतात, म्हणून ते जमिनीवर न ठेवता उंच तिवईवर, झुडपांपासून थोडे दूर ठेवले आहे. परंतु दयाळ झुडपाच्या आडोशानेच वावरताना दिसतो, त्यामुळे भांडे नेमके किती अंतरावर असावे, हे मला ठरवता आलेले नाही.

मुंबईतच, तळमजल्यावर किंवा गॅलरीत हे जमवलेल्या मंडळींनी कृपया आपला अनुभव लिहावा. मार्चपासून दयाळ पहाटे गाऊ लागला आहे, पण तो समोरच्या इमारतीच्या टाकीवर बसतो आणि सासूबाईंच्या खिडकीतून ती टाकी दिसत नाही.