हेमकुंडहून ब्रह्मकमळ तोडून आणलं, त्यात एवढं काय?

रानवाट: कालचा तो फोटो बघितला ना, उत्तराखंडात हेमकुंडच्या वाटेवर तोडलेलं ब्रह्मकमळ हातात (आपल्या कुंडीतलं नव्हे, हिमालयातलं), खाली 'एका फुलाने काय होतंय' आणि त्यावर लाइक्सचा पाऊस. अहो, ते कागदासारखं पांढरट दिसतं त्या पाकळ्या नाहीतच, आतल्या जांभळ्या गुच्छांना गारठ्यापासून झाकणारी पानं आहेत ती, अख्खं खुडलं की त्या दांड्याचं बी गेलं. चार हजार मीटरवर जेमतेम जुलै ते सप्टेंबर मिळतो त्याला, आणि नेमके तेव्हाच तुम्ही तडमडता.

भटक्या_७७: फोटो माझाच. केदारनाथला हीच फुलं वाहतात तेव्हा कुठे जातं हे प्रवचन?

रानवाट: तिथले गावकरी नंदादेवीच्या सणाला, नंदाष्टमीला, अनवाणी जाऊन, नेम पाळून आणतात. तुम्ही सेल्फी काढून सॅकच्या खिशात कोंबलंत.

स्पष्टवक्ती: गावकऱ्यांचं नाव काढलंत म्हणून बोलते. १९८२ ला हेमकुंडखालच्या व्हॅली ऑफ फ्लॉवर्सचं नॅशनल पार्क केलं, त्यांच्या मेंढ्या हाकलल्या, मग काय झालं? अमेला, म्हणजे तिथलं एक तण, माजला, पुरुषभर उंच, खालची फुलं गुदमरली, आता वनखातं माणसं लावून उपटत बसतंय.

कातळ: मेंढ्यांचं एवढं कौतुक नको. अमेला उगवतो कुठे ते बघा, दरड कोसळलेल्या जागी आणि मेंढरांच्या जुन्या तळांवर, जिथे लेंड्यांनी जमीन खतावलीय. बॉटनी शिकलोय म्हणून सांगतोय.

स्पष्टवक्ती: शिकला असाल, पण घांघरियात, व्हॅलीच्या पायथ्याच्या गावात, कुणाशी बोललात का कधी? आमच्या पोर्टरच्या आजोबांची मेंढरं चरायची तिथे, तो म्हणाला तेव्हा अमेला गुडघ्याच्या वर जायचा नाही.

कातळ: पोर्टरच्या आजोबांपुढे आमची डिग्री काय हो!

भटक्या_७७: म्हणजे मेंढीने अख्खा उतार खाल्ला तर परंपरा, मी एक फूल तोडलं तर गुन्हेगार. वा!

रानवाट: ब्रह्मकमळ वर हेमकुंडला, तुमच्या मेंढ्या खाली व्हॅलीत. काय चाललंय काय?

कातळ: बरं, चराई सरसकट बंद करणं जास्तच झालं असेल, एवढं मान्य. पण २०१८ ला उत्तराखंड हायकोर्टाने बुग्यालवर, म्हणजे उंचावरच्या कुरणांवर, रात्रीचा मुक्काम बंद केला तो आपल्या तंबूंमुळे, तेही बोला की.

भटक्या_७७: डिलीट केला फोटो, खूश? का फूल परत दांड्याला चिकटवून येऊ?

स्पष्टवक्ती: तुमचं फूल राहू द्या हो. कातळ, लेंड्या तर शेकडो वर्षं पडत होत्या ना, मग अमेला पार्क झाल्यावरच कसा माजला?