ओला रस्ता, गारठा आणि नवे टायर : तुमचे अनुभव लिहा

चारही टायर उतरायला आलेत. खाचांच्या तळाशी ज्या आडव्या पट्ट्या असतात, तिथवर नक्षी झिजत आलीय. उरली असेल जेमतेम दोन मिमी. बऱ्याच देशांत कायदा १.६ मिमीपर्यंत चालवून घेतो. मग आत्ताच खर्च करू की हा मोसम काढू? रोजचा प्रवास पावसातला, आणि वर्षातले दोनेक महिने बर्फ. कंपन्यांची नावं नकोत, ती जाहिरातीत दिसतातच. तुमच्यावर काय गुदरलं ते लिहा.

*

मोसम काढू नका. मीही हेच म्हणालो होतो. नव्वदच्या वेगात साचलेल्या पाण्यात शिरलो आणि स्टिअरिंग एकदम हलकं झालं, फिरवा हवं तेवढं, गाडी आपली सरळ! तरंगत होती चक्क. ब्रेक मारायची ऊर्मी कशीबशी आवरली, ॲक्सिलरेटर सोडला, तेव्हा कुठे चाकं जमिनीला लागली. नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिमी खोल असते, त्या खाचांतून पाणी निघून जातं. त्या उथळ झाल्या की पाणी टायरखालीच पाचर मारतं. आता मी ३ मिमीला बदलतो. बर्फात जाणार असाल तर ४ला.

*

माझ्या टायरची नक्षी अगदी ठणठणीत होती. गाडी फारशी चालतच नव्हती ना. तरी ओल्या उतारावर घसरली. टायरवाल्याने कडेवरचे चार आकडे दाखवले : ३१११. म्हणजे २०११ सालचा एकतिसावा आठवडा. रबराचा पार दगड झाला होता. नवे घेताना वाकून आकडे स्वतः वाचले. एक जोडी तीन वर्षं जुनी निघाली, ती बदलून घेतली.

*

"माझी फोर व्हील ड्राइव्ह आहे, मला विंटर टायर कशाला?" हा माझा माज. बर्फातला चढ ऐटीत चढलो. उतरताना मात्र ब्रेक दाबून बसलो होतो आणि गाडी आपली चाललीय खाली! अहो, ब्रेक साध्या गाडीलाही चारही चाकांना असतात, तिथे या ड्राइव्हचा काडीचा उपयोग नाही. ७ अंशांच्या खाली उन्हाळी टायरचं रबर ताठरतं. विंटरचं मऊ राहतं, आणि नक्षीवरच्या बारीक चिरा बर्फ धरतात. घेताना तीन शिखरांच्या डोंगरात बर्फाची चांदणी असलेली खूण बघा, ती बर्फावरची चाचणी पार केल्यावरच मिळते. 'एम प्लस एस' (मड अँड स्नो, म्हणजे चिखल-बर्फाची खूण) तर कंपनी स्वतःच छापते. उन्हाळ्यात मात्र हे टायर काढा. मी आळस केला, एका मोसमात नक्षी साफ.

*

दोनच बदलले आणि पुढे लावले. पावसात वळणावर मागचं अंग निसटलं, गाडी गिरकी घेऊन उलट्या तोंडाने उभी. समोरून कोणी नव्हतं म्हणून लिहितोय. पुढची चाकं सुटली तर निदान स्टिअरिंग सांगतं. मागची सुटली की कळेपर्यंत उशीर होतो. नवी जोडी मागेच.

*

रुंद टायर दिसतात झकास, पाण्यात तरंगतातही आधी. बाकी चालू द्या.

*

धागाकर्ता : आज नीट मोजलं. पुढचे १.९, मागचे २.४. चारही बदलतोय. आता विंटरचा वेगळा संच की ऑल सीझन?

*

रस्त्यावरचा बर्फ रोज काढला जात असेल तर डोंगरखुणेचे ऑल सीझन चालतील, मी चार मोसम काढलेत. विंटरपेक्षा थांबायला जास्त अंतर लागतं, तेवढं धरून चालवा. घाटात घर असेल तर वेगळा संचच घ्या. आणि हवा तपासत राहा, पारा १० अंश उतरला की दीड-दोन पीएसआय कमी होते. मी आठवडाभर पंक्चर शोधत होतो.