कार्तिकातला किनारा: तुम्हाला कोणते पक्षी भेटले?

दिवाळी सरली की कोकणपट्टीवर उत्तरेचे पाहुणे पक्षी दिसतात. कुरव (सीगल), सुरय (टर्न), चिखले (प्लव्हर), तुतारी (सँडपायपर). गावाचं नाव टाकून तुमचे अनुभव लिहा. नावं चुकली तरी चालेल, माझीही चुकतात.

सुरुवात माझ्यापासून. अलिबागजवळच्या अक्षीला पहिल्यांदा गेलो तेव्हा पाणी इतकं ओसरलं होतं की पक्षी म्हणजे लांबवर सांडलेली मोहरी. दुर्बीण लावून लावून डोकं दुखलं. वाळूत जाळं निवडत बसलेल्या मावशी म्हणाल्या, "तिथी बघून नाय आलात?" तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ निघते : चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. आता भरतीआधी दीड-दोन तास जाऊन गप बसतो. पाणी चढतं तसे पक्षी आपणहून पुढ्यात सरकतात.

दिवेआगर
मी तपकिरी डोक्याच्या कुरवापायी दोन दिवस घालवले. थव्यात एकाचंही डोकं तपकिरी नाही! ती टोपी विणीच्या हंगामातली, लडाख-तिबेटच्या सरोवरांवर मिरवायची. आपल्याकडे डोकं पांढरं आणि डोळ्यामागे काजळ फिसकटल्यासारखा डाग. परत निघायच्या सुमारास टोपी चढू लागते. नाव ठेवणारा हिवाळ्यात कोकणात आला नसावा.

मालवण
आमका पक्षी बघूक मुद्दाम जावचा लागत नाय. रापणीचा जाळा काठाक लागला की कुरव डोक्यार.

दापोली
सँडरलिंग. मूठभर पक्षी, लाटेच्या फेसामागे चाकं लावल्यासारखा पळतो. मागचं बोटच नसतं त्याला. आर्क्टिकहून येतो. गेल्या वर्षी हौशी जीपवाल्यांनी एक थवा तासाभरात सहा वेळा उठवला. ओल्या वाळूतलं खाणं ओहोटीपुरतंच उघडं असतं, त्यातला निम्मा वेळ उडण्यात गेला. मी हात केला, तर त्यांनी उलट हात केला आणि आणखी एक फेरी मारली.

पुणे
ठाणे खाडीत रोहित (फ्लेमिंगो) आले का? (विषयांतराबद्दल क्षमस्व.)

रत्नागिरी
भाट्याच्या खाडीमुखाशी एकच कोरल (कर्ल्यू पक्षी) दिसला. चोच केवढी, वाकडी! चिखलातून कुर्ली ओढली, झटके देऊन नांगे मोडले, मग गिळली. बाबा मासे आणायला निघाले होते, तेही थांबून बघत राहिले. म्हणाले, "तुझ्या आईलाही नांगे आधीच मोडून लागतात."