जुनं घड्याळ की नवं? तुमचे अनुभव लिहा

तळ्यात_मळ्यात
काल माळा आवरताना बाबांचं एचएमटी जनता सापडलं. चावी दिली, कानाला लावलं. चालतंय! मग आठवलं, पन्नाशीला स्वतःसाठी एक भारी घड्याळ घ्यायचं ठरवलं होतं. सहा महिने रात्री दोन-दोन वाजेपर्यंत साठच्या दशकातली ओमेगा सीमास्टर बघत बसलो. आणि शेवटी दुकानात जाऊन कोरी करकरीत नवी घेऊन आलो, ५ वर्षांच्या वॉरंटीची. तुमचं कुणाचं झालंय असं?

बटाटेवडा
मी जुनं घेऊन फसलोय. डायल नव्यासारखी चकचकीत, त्यातच भुललो. घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावलं आणि दहा सेकंदांत म्हणाले, "साहेब, रंगवलीय. सहाचं पोट बघा, वाकडं आहे." मशीन एका मॉडेलचं, काटे भलत्याचेच. बाहेरचे शौकीन असल्या मालाला चक्क 'मुंबई स्पेशल' म्हणतात. आपल्या गावाचं नाव कशाला लागलंय बघा!

रिकामटेकडी
@बटाटेवडा तुमचा आयडी बघून मला आधी खाण्याचा धागा वाटला 😀

कोकणमेवा
आमच्याकडे रत्नागिरीत जून महिना. सासऱ्यांचं स्विस घड्याळ नवऱ्याने हौसेने घातलं. नुसते हात धुतले हो, तर काचेच्या आत धुकं! तांदळाच्या डब्यात ठेवलं. सुकलं, पण सेकंदकाटा गंजला तो गंजलाच. मागचं झाकण उघडलं तर आतल्या रबरी रिंगचा नखाने भुगा झाला. आता नवं १०० मीटर वॉटर-रेझिस्टंटवालं आहे. ते घालून भांडीसुद्धा घासतो (कधीतरी).

रिकामटेकडी
कधीतरी म्हणजे?

कोकणमेवा
लॉकडाउनमध्ये एकदा.

निशाचर
चमकणाऱ्या काट्यांचं कुणी लिहिलं नाही. आजोबांच्या काळच्या बऱ्याच घड्याळांत किरणोत्सारी रेडियम असायचं. त्याचं अर्धायुष्य साधारण १६०० वर्षं. चमक कधीच गेलेली असते, कारण सोबतचा फॉस्फर (चमकणारा पदार्थ) मरतो. रेडियम मात्र तिथंच! घरी उघडून खरवडत बसू नका. नंतर ट्रिटियम आलं (तेही किरणोत्सारी, पण सौम्य), आता सुपर-ल्युमिनोव्हा. तो नुसता उजेड पिऊन चमकतो. लहान पोरं असलेल्या घरात मी तरी नवंच घेईन.

जाडमनगट
३४ मिमीचं जुनं घड्याळ माझ्या हातावर बायकोचं घालून आल्यासारखं दिसतं. माझं कारण एवढंच.

जुनंच_सोनं
घाबरट आहात सगळे. वडिलांचं फावर ल्यूबा २१ वर्षं रोज वापरतोय. दिवसाला दोन मिनिटं मागे पडतं, पडू दे. दर चार वर्षांनी मशीन धुवून ऑइलिंग, बस. फक्त आमचे घड्याळजी गेल्या वर्षी वारले. मुलगा त्याच टपरीत मोबाइलची कव्हरं विकतो. परवा हातातून पडलं तेव्हापासून बंद आहे, बॅलन्सचा (आतल्या डोलत्या चाकाचा) दांडा तुटलाय बहुतेक. पार्ट कुठे मिळेल? कुणी सांगेल का?

बटाटेवडा
व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. डोंबिवलीत आहेत एक. फोन करून जा, दुपारी झोपतात.

तळ्यात_मळ्यात
@जुनंच_सोनं, वडिलांचं घड्याळ वेगळं हो. बाबांच्या जनताची डायल उद्या रंगवलेली निघाली तरी मला फरक पडत नाही. ते कुणी घेतलं, कुणी घातलं, सगळं माहीत आहे. दुसऱ्या कुणाच्या बाबांच्या घड्याळाला दोन लाख मोजायला हात धजावेना. विकणारा गोष्ट छान सांगत होता, पण ती त्याचीसुद्धा नव्हती. नव्यात निदान पहिला ओरखडा माझा.

जाडमनगट
पडला का?

तळ्यात_मळ्यात
तिसऱ्या दिवशी. लिफ्टचं दार.

कोकणमेवा
अरेरे 😂 जनताला पट्टा किती मिमीचा लागतो? माहेरी एक पडलंय.

जुनंच_सोनं
बहुतेक १८. मोजून घ्या.

कोकणमेवा
आणि चावी किती वेळा फिरवायची?

जुनंच_सोनं
अडेपर्यंत. मग जोर लावू नका.